कवचावरचं तेल

“अंड्यांना तेल कुणी फासलं?” उबवणीच्या खोलीतून सासरे गरजले. नव्या सुनेने तेलकट हात पाठीमागे लपवले. माहेरी विकायची अंडी टिकावीत म्हणून तेल लावत. तिने इथेही सकाळीच हौसेने अख्खा ट्रे चमकवला होता. “कवचाच्या छिद्रांतूनच आत हवा जाते. तेलाने तीच बुजली, पिल्लं घुसमटतील!” आवाज चढला. सासू पटकन तिचे तळवे आपल्या तळव्यांवर घासून आत शिरली. “हे बघा, मीच लावलं. ओरडणं पुरे, पुसायला लागा.” तिघांनी कोमट साबणपाण्याने अंडी पुसली. दिवा मालवून सासऱ्यांनी एका अंड्याखाली बॅटरी धरली. शिरांच्या लाल जाळीत पिल्लाचा ठिपका निपचित होता. मग ठिपका जरासा हलला. अंधारात, मागे न वळता, सासरे म्हणाले, “सूनबाई, आता तूही श्वास घे.”