कवी अनंतांचा वारस

"हे कवी अनंतांचे चिरंजीव, मुकुल," शर्मिष्ठा म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली.

मुकुल उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि रत्नप्रभाच्या पाया पडला. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने ते टिपलं. विस्मृतीत गेलेल्या कवीचा मुलगा सापडला, असा व्हिडिओ या म्युझिक कंपनीला टाकायचा होता.

"आधी तो कॅमेरा बंद करा," गंधाली म्हणाली.

"राहू दे गो," रत्नप्रभा म्हणाली. "चालू राहू दे."

गंधालीने दात आवळले. कंपनीच्या या अंधेरीच्या ऑफिसात पाय टाकल्यापासून तिचं डोकं तापलेलं होतं. तिचं स्वतःचं ऑफिस म्हणजे घाटकोपरला वडिलांच्या शिवणाच्या दुकानावरचा पोटमाळा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकायच्या आणि तिथेच रेकॉर्डिंग करायचं. नाव ठेवलं होतं खमकी रेकॉर्ड्स. पहिलाच अल्बम चाळीतल्या रत्नप्रभाचा, म्हणजे रत्नाआत्याचा. सगळी चाळ तिला आत्याच म्हणायची.

आत्याचे वडील मिलमध्ये कामाला आणि शक्ती-तुऱ्याच्या एका मंडळाचे शाहीर. दोन मंडळं समोरासमोर उभी राहायची, गाण्यातून सवाल, गाण्यातून जवाब. बायका तेव्हा बारीत, म्हणजे त्या सामन्यात, उभ्या राहत नसत. आत्या पडद्यामागे बसायची. सगळी गाणी तिला तोंडपाठ. केस पांढरे झाल्यावर ती पहिल्यांदा माइकसमोर गायली, आणि ती गाणी हळदीपासून गणपतीपर्यंत जिथे तिथे वाजायला लागली.

मग कंपनीची नोटीस आली. गाणी सगळीकडून उतरली.

"रेकॉर्डिंग तुमचं, ते आम्ही नाकारत नाही," शर्मिष्ठा म्हणाली. कंपनीत हक्कांचं खातं तिच्याकडे होतं. "पण शब्द आणि चाल कवीची. कवी गेले, हक्क मुलाचा. मुलाने तो आम्हाला दिलाय. आणि कवी कोण, हे तर प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यातच आहे. 'अनंत म्हणे'. तुम्हीसुद्धा तेच नाव छापलंत."

छापलं होतं. बाकीचे 'पारंपरिक' असं लिहून मोकळे होतात. मेलेल्या कवीला गिळायची सगळ्यात सोपी युक्ती. गंधालीने ते केलं नाही. उलट फेसबुकवर लिहिलं, कवी अनंतांचं कुणी असेल तर भेटा, तुमचा हिस्सा बाजूला ठेवलाय. आत्या तेव्हा म्हणाली होती, "कशाला शोधतेस? तो काय भांडायला येणार नाय."

तो नाही आला. मुलगा आला, आणि घाटकोपर सोडून थेट अंधेरीला. प्रामाणिकपणा केला की असा अंगावर येतो.

"बस रे बाबा," आत्या मुकुलला म्हणाली. "बाप लिहायचा कधी?"

"मिलमधून रात्रपाळी करून आले की. पहाटे."

"चाल?"

"चालपण त्यांचीच. गुणगुणत लिहायचे. आम्ही दाराआडून ऐकायचो."

"बरोबर. गुणगुणल्याशिवाय ओळ येत नाय." आत्याने मान डोलावली. "घ्यायचा काय रे?"

मुकुलने शर्मिष्ठाकडे पाहिलं. "थोडी. सणासुदीला."

आत्या खुदकन हसली. "बघ गो गंधाली, आणि मला वाटायचं सोवळा होता."

"आत्या, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"तुझ्या बाजूलाच बसलेय ना? मग गप."

शर्मिष्ठाने कागद पुढे सरकवले. "यावर सही केलीत तर अल्बम आम्ही काढू. मोठा काढू. आत्या पुढेही गाऊ शकतील की, आमची परवानगी घेऊन."

"परवानगी?" गंधाली उभी राहिली. "जिच्यामुळे ही गाणी जिवंत राहिली, तिने तोंड उघडायच्या आधी तुम्हाला विचारायचं? तुम्ही होतात कुठे इतकी वर्षं? नाही करत सही. कोर्टात या. पोटमाळा विकेन, पण एक गाणं देणार नाही."

"जरा सांभाळून बोला."

"सांभाळून बोलणाऱ्यांचीच गाणी गिळलीत तुम्ही आजवर."

आत्याने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. मग ती शर्मिष्ठाकडे वळली.

"बाई, एक विचारते. ही गाणी पारंपरिक नायत. माझ्या वडलांची नायत, दुसऱ्या कुणाची नायत. अनंतचीच. हे तुम्ही मानता ना?"

"पूर्णपणे. आमच्या वकिलांनी खात्री केलीय."

"मग तिकडे बघून सांगा की. लोकांना पण कळू दे."

शर्मिष्ठाला ते आवडलं. तिने केस नीट केले, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं की या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांचे शब्द आणि चाली कवी अनंत यांच्याच आहेत, इतर कुणाचाही त्यांच्यावर हक्क नाही, आणि कंपनी ही गोष्ट जाहीरपणे मान्य करते.

गंधालीने डोळे मिटले. संपली खमकी. आणि संपवली कुणी, तर आत्याने.

"झकास बोललात," रत्नप्रभा म्हणाली. तिने मुकुलच्या पाठीवर हात ठेवला.

"अनंत हे नाव घेऊन लिहायची ती मी. लग्न मी केलं नाय, मूल मला झालं नाय. आता सांग बाळा, तू कुणाचा?"