कोरा खळगा

तपासणीच्या ताटलीतला जो खळगा कोरा राहायला हवा होता, तोच निळ्या ठिपक्यांनी गच्च भरला होता. प्रयोगशाळेतल्या त्या शिकाऊ मुलीने डोळे चोळले, भिंग पुन्हा जुळवलं, पुन्हा वाकून पाहिलं. ठिपके होतेच.

हे ठिपके म्हणजे तरी काय, तर आठवण. रक्तातल्या एखाद्या पेशीची एका रोगाशी गाठ पडली की ती त्याला सहसा विसरत नाही. त्या रोगाचे निर्जीव तुकडे तिच्यापुढे ठेवले की ती ते ओळखते आणि तिच्या जागी एक ठिपका उमटतो. म्हणून संशयित रुग्णाच्या रक्ताशेजारी, ज्याला तो रोग कधी शिवलाच नाही अशाचंही रक्त लावायचं. ते कोरंच राहिलं तर प्रयोग खरा. आता असं रक्त रोज कुठून आणणार? शिकाऊ मंडळी आपापसांतच बाही वर करायची, आणि त्यात पहिला मान हिचा. साधा तापसुद्धा हिच्या वाटेला कधी गेला नाही, असं हिची आई येता-जाता सांगायची. प्रयोगशाळेत हिचं नावच 'कोरी' पडलं होतं.

आणि आज नेमकी कोरीच भरली होती.

बरं, दिवसही असा. परदेशातून आलेल्या बाईंनी दोन वर्षं राबून या पोरांना शिकवलं होतं आणि आज त्या त्यांचा हात पारखणार होत्या. पूर्वी एक अख्खी वस्ती गिळणारा तो जुना ताप डोंगरापलीकडे पुन्हा दिसतोय अशी कुणकुण होती. आजवर इथलं रक्त विमानाने बाहेर जायचं आणि उत्तर येईपर्यंत माणूस मातीआड झालेला असायचा. बाईंचा विश्वास बसला तर तपासणी इथेच होणार होती, कोरीच्या देखरेखीखाली. नाहीतर पुन्हा ते विमान आलं आणि ते वाट बघणं आलं.

"गडबड केलीस," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घातलंस."

"नाही हो बाई! माझंच आहे. डोळ्यांत तेल घालून केलंय."

"मग पुन्हा कर. या वेळी सुई मी टोचते."

बाईंनी स्वतः रक्त काढलं, स्वतः खळग्यात घातलं, उबदार कपाटात ठेवून किल्ली आपल्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाईंनी ते कपाट उघडलं. ठिपके कालच्यापेक्षा जास्त होते. बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग त्यांनी आपली खुर्ची हळूच थोडी मागे सरकवली.

"हे असं रक्त त्या तापातून उठलेल्या माणसाचंच असतं," त्या म्हणाल्या. "आणि त्यातून कुणीच उठलं नाही. सगळी वस्ती गेली. जेवढी माणसं तेवढी प्रेतं. मोजून पुरली होती."

कोरीने आपल्या हाताकडे पाहिलं. कापसाचा बोळा अजून कोपराच्या लवणीत होता. या कातडीखाली कुणीतरी जागं होतं आणि त्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिला भीती वाटली. आपल्याच अंगाची, सरळसरळ भीती.

ती जिन्यात गेली आणि तिने आईला फोन लावला. घरात दोघीच. आई निवृत्त नर्स. 'दुसरं काहीही शीक, पण रक्तात हात घालू नकोस,' म्हणून कोरी इथे शिकायला लागली तेव्हा तिने आठवडाभर अबोला धरला होता.

"आई, खरं सांग. लहानपणी मला तो वस्तीतला ताप आला होता?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या रक्तानेच सांगितलं."

आई म्हणाली, "ती सगळी वस्ती माझ्याच वॉर्डात होती गं. मी कपडे बदलायचे, अंग घासून घासून धुवायचे. तरी ताप माझ्या पाठोपाठ घरात शिरला. माझी मुलगी अडीच वर्षांची होती. तिलाही त्याच वॉर्डात नेऊन निजवलं. आपल्या हाताने."

कोरीला रडूच फुटलं. पण ते सुटकेचं रडू होतं. कोडं एका फटक्यात सुटलं होतं. ती वस्तीतली नव्हतीच, मग त्या मोजणीत येणार कशी?

"अगं वेडे, मग लपवलंस कशाला?" ती रडता रडता हसायला लागली. "मी वाचले ना! बाईंना आत्ता सांगते. प्रयोग बरोबर आहे. माझे हात बरोबर आहेत, आई!"

"तुझे हात बरोबरच आहेत, बाळा." आईचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "पण ऐकून घे. त्या तापातून एकच पोर उठली, आणि ती वस्तीतली होती. तिचं म्हणून जगात कुणी उरलं नव्हतं. मोजणारे आले तेव्हा तिच्या जागी मी माझी गेलेली मुलगी ठेवली, आणि तुला कडेवर घेऊन घरी आले."