पिल्लाच्या पोटातली गाबोळी

जाळ्यात एकशे अठ्ठावन्न पापलेटं होती. सरकारी यंत्र बसवलेल्या त्या जाळ्यानेच ती मोजली. सगळी चौदा सेंटिमीटरच्या आतली, म्हणजे पिल्लं, असं ठरवून त्याने आपलं तोंड उघडलं आणि ती सोडून दिली. एक तेवढं दोरीत अडकून राहिलं.

मोरेश्वर नाखव्याने कपाळावर हात मारला. सलग तीन खेपा रिकाम्या गेल्या की होडीचा परवाना रद्द व्हायचा, आणि ही तिसरी होती.

त्याची बायको चांगुणा हिने अडकलेला मासा चिरला आणि वायरलेसवर बंदरातल्या अधिकाऱ्याला गाठलं.

"साहेब, याच्या पोटात गाबोळी आहे."

"पिल्लाला अंडी कुठून येणार, मावशी?"

"तेच तर! दिवस भरलेल्या बाईला तुमचं जाळं बालवाडीत बसवतंय."

"मोठी होती ती आपणच उचलली," नाखवा मागून ओरडला. "आता खुजीच उरली. वाढतच नाहीत, तर चौदा कुठून आणू?"

अधिकाऱ्याने नोंदवही पुढे ओढली.

"लांबी किती?"

"दहा."

त्याच आठवड्यात सगळ्या जाळ्यांची मर्यादा दहावर आली. परवाना वाचला. त्या मोसमात होड्या भरून आल्या.

सहा वर्षांनी गाबोळी असलेलं पापलेट मोजलं, तेव्हा ते साडेसात सेंटिमीटर भरलं.