सोळा फुटांचा हॉल

आमच्या फ्लॅटविक्रीच्या वेबसाइटवरचे फोटो असे आहेत, की वन-बीएचकेच्या हॉलमध्ये लग्न लागेल. खांबेटेबाईंवर मात्र त्यांचा काही परिणाम झाला नव्हता. त्यांना दिसत नाही.

"माझा फोन वेबसाइट वाचून दाखवतो," फ्लॅटमध्ये शिरताना त्या म्हणाल्या. "फोटो आला की नुसता 'चित्र, चित्र' करत बसतो. म्हणून मी मापं तेवढी ऐकली. हॉल सोळा फूट ना?"

"सोळा. अगदी ऐसपैस," मी म्हणालो. आठ महिने हा फ्लॅट खपत नव्हता.

हॉलच्या मधोमध उभं राहून बाईंनी एकदाच टाळी वाजवली, मान कलती करून ऐकलं. "दीड फूट कमी आहे हो. आणि खिडकीकडून ताज्या रंगाचा वास येतोय. रंगाखाली ओल आहे का?"

पंधरा वर्षं या धंद्यात आहे, पण टाळीनं खोली मोजणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी टेप लावली. साडेचौदा!

"किती भरला?"

टेपवरचा आकडा त्यांना दिसणार नव्हता. सोळा म्हणायला माझं काय जात होतं? पण जीभच उचलेना.

"साडेचौदा," मी म्हणालो. "आणि ओल आहे."

"ते कळलंच होतं. तुम्ही काय सांगता, तेवढं ऐकायचं होतं. ओल काढून द्या, घेते मी."

ऑफिसात येऊन आधी वेबसाइटवरचा तो हॉल दीड फुटानं लहान केला. मग टेप घेऊन साइटवरच्या उरलेल्या बेचाळीस फ्लॅटांकडे निघालो.