पुंगळ्या राहिल्या

"गोळ्या परत फाकल्या," ऑरिन हॅस्केट म्हणाला आणि निशाण्याचा कागद त्याने काउंटरवर पसरला.

तीन भोकं होती. एक वर, एक डावीकडे, एक जवळजवळ कागदाबाहेर. नॅडीनने चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहरा गंभीर केला. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"किती लांबून?"

"चारशे यार्ड. वारा पडलेला होता."

"आणि पुंगळ्या?"

"राहिल्या बघ. पुढच्या वेळी आणतो."

"दर वेळी राहतात. रिकाम्या पुंगळ्या दिल्या नाहीस तर मी भरू कशात? बस, कॉफी टाकते."

तो बसलाच होता.

ऑरिन खोगिरं बनवायचा. खिंडीपलीकडचं गाव सोडून दोन वर्षांपूर्वी इथे आला होता. एकटाच. उन्हाळ्यात एक दिवस तो नॅडीनच्या बंदुकांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "सोडतीत एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना लागलाय. बाबांनी मागे ठेवलेल्या तीन बंदुका आहेत, तिन्हींची काडतुसं वेगळी. कुठली नेऊ? मारायचं लांबून आहे, पण जनावर तडफडायला नको."

असा प्रश्न विचारला की नॅडीनची कळी खुलायची. नवरा गेल्यापासून लोक नुसती काडतुसांची डबी उचलत आणि जात. तिने ऑरिनला समोर बसवून सगळं समजावलं. साडेसहा मिलिमीटरचं काडतूस खांद्याला त्रास देत नाही, पण घोड्याएवढ्या नराला लांबून जरा हलकं पडतं. सातचं मधलं, समजूतदार. तीनशे मॅग्नम दांडगं, पण धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. गोळी फार मऊ असली तर खांद्याच्या हाडावरच फुटते. फार कडक असली तर आरपार जाते आणि जनावर दोन डोंगर ओलांडून मरतं. ऑरिन हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. त्याच्या अंगाला नेहमीसारखा चामड्याच्या तेलाचा वास येत होता.

साडेसहाची काडतुसं तिने मागच्या खोलीत स्वतः भरून दिली, दारूचा कण न् कण तोलून. आठवड्याने तो फाकलेल्या भोकांचा कागद घेऊन आला. दोघं बोलत बसली. तिने केलेले दालचिनीचे रोल संपले, दुपार संपली, आणि इतकं हसून तिला किती वर्षं झाली होती ते आठवेना.

सातची काडतुसं भरताना मात्र तिने लबाडी केली. एका पुंगळीत दारू अंमळ कमी, दुसरीत बरोबर. धोका काही नव्हता, फक्त गोळ्या एका जागी जाणार नव्हत्या. आज तोच कागद तिच्यासमोर होता.

"तू गोळ्या भरतेस की वाटाणे?" ऑरिनने रोल मोडत विचारलं.

"तू निशाणा धरतोस की डुलकी काढतोस?"

"शनिवारी हंगाम उघडतोय, नॅडीन. आता तीनशेच राहिलं."

तो गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. शनिवारी हा माणूस डोंगरावर जाणार, एकच संधी मिळणार, आणि तिच्या लबाडीपायी एखादा नर पोटात गोळी घेऊन रानभर फिरणार. तिला ते सहन होईना. पण चांगलं काडतूस हातात पडलं की ऑरिन पुन्हा कशाला येईल? या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. तरी ती उठली आणि तराजू पुसायला लागली.

आयुष्यात भरली नसतील इतकी नीट काडतुसं तिने त्या दिवशी भरली. जड गोळी निवडली, लांबवर वेग टिकवणारी. त्यातली तीन स्वतःच्या बंदुकीतून झाडून पाहिली. तिन्ही भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली.

"या चुकायच्या नाहीत," तिने ऑरिनच्या हातात डबी दिली. "सांभाळून जा."

शुक्रवारी दुपारी दार वाजलं.

"परत फाकल्या," ऑरिन म्हणाला.

कागदाची पार चाळण झाली होती. नॅडीनने या खेपेला चष्मा डोळ्यांवर ओढला. खणातून जुने दोन कागद काढले आणि तिन्ही एकावर एक धरून खिडकीपाशी नेले. साडेसहाचं भोक, सातचं भोक, तीनशेचं भोक. सगळी सारखीच, कडा स्वच्छ, बारीक. तिने खिशातली तीनशेची गोळी एका भोकाला लावून पाहिली. गोळीचं नुसतं टोकच आत गेलं.

तिची नजर ऑरिनच्या कमरेकडे गेली. तिथे चामड्याला भोकं पाडायचा पंच लटकत होता.

"पुंगळ्या आण," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

तो निमूट गाडीकडे गेला आणि तिन्ही डब्या घेऊन आला. काडतुसं जशीच्या तशी, एकही झाडलेलं नाही.

"आणि मी मेली संध्याकाळभर बसून तुझी दारू बिघडवत होते," नॅडीन म्हणाली.

"काय बिघडवत होतीस?" ऑरिनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"ते राहू दे. तुझ्या बाबांच्या बंदुका कुठेत?"

ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नेहमीच्या खुर्चीत बसला.

"बाबा आयुष्यभर मासे पकडायचे, नॅडीन."