रोजची सवारी

केजजवळच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. म्हाताऱ्या माणसांना पायथ्यापासून वर नेणारी बॅटरीची गाडी बद्रीनाथ चालवायचा. "सवारी न्हाई मिळाली तर ही गाडी बंदच करू," असं देवस्थानच्या व्यवस्थापकानं त्याला कालच बजावलं होतं, आणि आज सकाळी गाडी जागची हलेना.

त्यानं पुढचं सीट उचललं, सहाही बॅटऱ्यांत पाणी भरलं, पांढरा थर साचलेली टोकं घासून पक्की आवळली. तरी चार्जरचा दिवा लागेना. फोनवर मेकॅनिक म्हणाला, "पार उतरल्यात बे बॅटऱ्या. इतक्या उतरल्या की चार्जर चालूच होत न्हाई. एकेक सुटी करून चार्ज करावी लागंल, दोन दिवस जातेल."

बद्रीनाथ चाकाशी मटकन बसला. दोन दिवसांनी ही नोकरी राहणार नव्हती, आणि घरात कमावणारा तो एकटाच होता. मागच्या सीटवर छबुबाई कधीची वाट बघत बसली होती. गेले तीन महिने रोज येणारी त्याची सवारी तेवढी एकच.

"आजी, माफ करा," तो म्हणाला. "तुमचे गुडघे लई दुखतेत, आन् मी तुमाला वर न्हिऊ शकत न्हाई."

छबुबाई टुणकन खाली उतरली, तिनं पदर खोचला आणि भराभर सात-आठ पायऱ्या चढून मागं वळली.



"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय रं लेकरा? तू रोज रिकाम्या गाडीत तोंड पाडून बसायचास, ते बघवंना मनून बसत हुते."