साखळीतलं पहिलं घर

"घरात किती माणसं?"

"तीन."

"पाणी कुठवर?"

"उंबऱ्याबाहेर."

"मदत हवी?"

"नको."

घड्याळजींनी तिन्ही उत्तरं वहीत टिपली. नियमाप्रमाणे आता फोन ठेवायचा. पण त्यांनी आजही चौथा प्रश्न घुसडलाच. "पिशवीत औषधं ठेवलीस ना? बीपीची?"

"ठेवली," धाकटा भाऊ धापा टाकत म्हणाला. त्याच्या मागे बेकरीतली गिऱ्हाइकं 'अहो, आमचं बघा आधी' म्हणून कावली होती. फोन बंद झाला.

"चार प्रश्न विचारायला इस्त्रीचा शर्ट लागतो का हो?" बायकोने आतून विचारलं.

"सरावाला शिस्त असते."

"हो तर! फोनमधून दिसते ना ती."

पूर येऊन गेल्यावर वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला होता. मेन स्विच कधी पाडायचा, कागदपत्रं कशात गुंडाळायची, अंथरुणावरच्या माणसाला खुर्चीत बसवून जिन्याने कसं उतरवायचं, सगळं शिकवलं. शेवटी फोनची साखळी लावून दिली. ज्याचं घर नदीला सर्वांत जवळ, त्याने पुढच्या घराला फोन करायचा, त्याने त्याच्या पुढच्याला. सराव दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला. पहिलं घर घड्याळजींचं, दुसरं धाकट्याचं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी यादी वाचली तेव्हा दोघेही भाऊ छताकडे बघत बसले होते.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या शेवटच्या घटकेला घड्याळजी तासभर उशिरा पोचले, आणि 'दुसऱ्यांची घड्याळं लावत बस' असं धाकट्याने चार लोकांत ऐकवलं. घड्याळजीही काही कमी नव्हते. 'पुन्हा तुझं तोंड बघणार नाही' म्हणाले. शब्द पाळला, आणि तेव्हापासून मन खात राहिलं.

साखळी लागली तेव्हा कुठे त्याचा आवाज कानावर पडला. त्याला बीपी आहे हे त्या चौथ्या प्रश्नातून कळलं. गेल्या वर्षी 'दोन'चे 'तीन' झाले, तेव्हा तिसरं कोण हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. बायकोने बाहेरून शोधून काढलं, पुतण्याचं लग्न झालं म्हणून. महिनाभर ते त्या एका मिनिटाची वाट बघत. भाऊ हवा होता त्यांना, मिळत होती तीन उत्तरं.

"बिचारा," बायको चहा देताना सहज म्हणाली, "रविवारी दहा म्हणजे बेकरीत पाय ठेवायला जागा नसते. नियमापायी सगळं टाकून फोनपाशी धावत येतो."

त्यांनी कप खाली ठेवला. तो फोन उचलतो तो नियमासाठी, आपल्यासाठी नाही, हे त्यांना ठाऊक होतंच. पण बीपीच्या माणसाला आपण दर महिन्याला पळवतोय, हे आज पहिल्यांदा टोचलं. किती दिवस असं त्याच्या मानगुटीवर बसायचं?

सोमवारी दुकान उघडण्याआधी ते हॉलवर गेले. प्रशिक्षक बाई स्ट्रेचरचे पट्टे तपासत होत्या.

"मॅडम, साखळीतून माझं नाव काढा."

"का हो काका?"

"डोळे अधू झालेत. नंबर नीट दिसत नाहीत." मग त्यांनाच ते पटलं नाही. "खरं सांगू? पुढच्या घराला त्रास होतो माझा. कामाच्या वेळेला येतो ना फोन. दुसरं कुणीतरी नेमा. तो सुटेल एकदाचा." त्यांनी वही पुढे सरकवली. "या नोंदी. एक रविवार चुकलेला नाही."

बाईंनी पानं चाळली. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"काका, ही कालची तारीख आहे."

"मग? काल पहिला रविवार होता."

"पण नदीवर पुराचा इशारा देणारा भोंगा बसवला तेव्हाच आपण साखळी बंद केली. दीड वर्ष झालं."

"बंद कशी? मला कुणी बोललं नाही ते!"

"मी येतच होते तुमच्याकडे सांगायला," बाई म्हणाल्या. "वाटेत बेकरीत तुमचे भाऊ भेटले. ते म्हणाले, तुम्ही कशाला जाता, दादाला मी सांगतो."